चार दिवस विस्तव, मग वर्षभर काम

चार दिवस आणि चार रात्री विस्तव अखंड जळता ठेवायला किती लाकूड लागतं याचा अंदाज तिथल्या मुरलेल्या लोकांनाही बरोबर येत नाही. आजी गेल्या त्या आठवड्यात कॅनडातल्या थंडर बेला नुसता पाऊस आणि लेक सुपीरियर या महासरोवरावरून येणारा बोचरा वारा, त्यामुळे आँटीच्या अंगणात बर्चच्या ओंडक्यांची जी थप्पी संध्याकाळी छातीएवढी होती ती सकाळी गुडघ्याला आली आणि मग फोनाफोनी सुरू, कुणाकडे पिकअप आहे, कुणाकडे सुकं लाकूड आहे, कोण आणतंय. मी स्वयंपाकघरात होते. खिडकीतून दिसायचं, ट्रक येतो, पोरं उतरतात, फारसं न बोलता लाकूड रचतात, विस्तवाभोवती एक फेरी मारतात, चिमूटभर तंबाखू सोडतात आणि मग आत येऊन सूप मागतात.

आधीच सांगते, हे सगळं आँटीला विचारून लिहितेय. ती म्हणाली, तू जे काम केलंस ते लिही, आम्ही जे केलं ते आमच्याकडे राहू दे. त्यामुळे गाणी, प्रार्थना, विधीचा पाइप, आतल्या गोष्टी यातलं काही इथे मिळणार नाही. भांडी, लाकूड, तांदूळ एवढंच आहे. आणि हो, अनिशिनाबे, म्हणजे इथल्या मूळनिवासींपैकी एक, या लोकांमधेही घराघराची रीत वेगळी असते, ही एका घरातली.

आजी म्हणजे आँटीची आई, माझं दोघींशी रक्ताचं नातं नाही. मूळच्या लॅक सूलच्या, थंडर बेपासून गाडीनं चार-पाच तास वायव्येला. १९२९ च्या सुमारास इअर फॉल्सला विजेसाठी धरण झालं आणि लॅक सूलचं पाणी चढलं, त्यात लोकांची घरं गेली, मनोमिन म्हणजे पाण्यातला रानभात तो गेला, कबरीसुद्धा गेल्या. हे आजींच्या जन्माआधीचं, पण त्या सांगायच्या ते असं की काल डोळ्यांनी पाहिलंय, कारण त्यांच्या आईनं पाहिलं होतं. मग रेसिडेन्शियल शाळा. कॅनडात दीड लाखाहून जास्त मूळनिवासी मुलं अशा शाळांमधे गेली, बरीचशी घरच्यांपासून तोडून नेलेली, तिथे आपली भाषा बोललं की शिक्षा. आजींची भाषा टिकली. कशी टिकली ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही, काही प्रश्न आपण विचारायचे नसतात.

मोठ्या झाल्यावर त्यांनी लग्न केलं ते लाकूडतोडीवर काम करणाऱ्या एका फिनिश माणसाशी. थंडर बेत फिनिश लोक पहिल्यापासून भरपूर. आणि तेव्हाचा कायदा असा की फर्स्ट नेशनच्या, म्हणजे मूळनिवासी, बाईनं बाहेरच्या माणसाशी लग्न केलं की मूळनिवासी म्हणून तिची सरकारी नोंदच रद्द, पुरुषानं केलं तर मात्र उलट त्याच्या बायकोला नोंद मिळायची, ही गंमत बघा. नोंद गेली की रिझर्ववर, म्हणजे त्यांच्या राखीव जमिनीवर, राहायचा हक्क गेला, तिथल्या मातीत पुरून घ्यायचाही गेला. १९८५ ला कायदा बदलला तेव्हा आजींना नोंद परत मिळाली. ते कार्ड त्या पर्समधे लायब्ररीच्या कार्डाबरोबर ठेवायच्या आणि कुणी फार कौतुकानं बघायला मागितलं तर लायब्ररीचंच काढून दाखवायच्या.

माझी त्यांची ओळख २०२० च्या ऑक्टोबरातली. मी तेव्हा शिकत होते आणि एका हॉटेलच्या किचनमधे पार्ट टाइम भांडी घासत होते. नेस्कांटागा म्हणून उत्तरेला एक वस्ती आहे, विमानाशिवाय सहसा जाता येत नाही अशी, तिथे १९९५ पासून नळाचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही असा आदेश आहे, आणि त्या ऑक्टोबरात पाण्यात तेलकट काहीतरी सापडल्यावर पुरवठाच बंद झाला आणि लोकांना उचलून थंडर बेच्या हॉटेलांत आणून ठेवलं. कोविडचे दिवस, आत कुणाला सोडत नव्हते. आजी मागच्या दारी यायच्या, हातात हे भलंमोठं पातेलं, त्यात माशाचं सूप, आणि म्हणायच्या हे वर ने, म्हाताऱ्या माणसांना आधी दे. हॉटेलचं जेवण चालू होतंच की, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, ते जेवण आहे, हे सूप आहे. वाद संपला. मी पातेलं उचललं.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जातच राहिले. त्यांना लोक नॉलेज कीपर म्हणायचे, पण त्याचं काही सर्टिफिकेट नसतं, नेमणूक नसते, लोक विचारायला येतात आणि येत राहतात एवढंच. कुठलं झुडूप कधी तोडायचं आणि त्याआधी काय म्हणायचं, कोण कुणाच्या कुळातलं म्हणजे कुणाचं कुणाशी लग्न चालणार नाही, भात कधी पिकलाय ते पाण्याकडे बघून सांगायचं, असली माहिती. कॉलेजातून पोरं यायची रेकॉर्डर घेऊन. आजी आधी त्यांच्या हातात सुरी आणि बटाटे द्यायच्या. अर्धी पोरं परत यायची नाहीत, आणि आजींना ते बरोबर वाटायचं.

जोसेफिन मँडामिन यांच्याबरोबर एका वॉटर वॉकमधे आजी काही दिवस चालल्या होत्या. मँडामिन हे नाव तिकडे सगळ्यांना माहीत, आपल्याकडे कुणी ऐकलेलं नसेल म्हणून सांगते. मॅनिटूलिन बेटावरच्या विक्वेमकूंगच्या, जन्म १९४२ चा, राहायला थंडर बेला. २००३ मधे त्यांनी तांब्याच्या बादलीत पाणी घेऊन लेक सुपीरियरभोवती पायी फेरी मारली आणि मग पुढे पाचही महासरोवरांभोवती, सगळं मिळून १७ हजार किलोमीटरहून जास्त. २०१९ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. नियम असा की दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत पाणी थांबता कामा नये, बादली एका बाईच्या हातातून दुसरीच्या हातात चालता चालताच जाते, मागे वळायचं नाही. लोकांना यातलं अध्यात्म आठवतं, आजींना आठवायचे ते पायाचे फोड आणि हायवेवरचे ट्रकवाले, त्यातले काही हॉर्न वाजवून हात करायचे आणि काही नुसताच हॉर्न वाजवायचे.

तर विस्तव. माणूस गेलं की पुढच्या प्रवासाला चार दिवस लागतात आणि तोवर विस्तव जळता ठेवायचा, त्याच्या उजेडात वाट दिसते, अशी समजूत. विस्तव पुरुष सांभाळतात, पाणी बायका. फ्रिजवर चुंबकानं एक कागद लावला होता, त्यावर विस्तवाजवळ कोण कधी बसणार त्याच्या पाळ्या, रात्री दोन ते पहाटे सहाच्या पाळीला सगळ्यात जास्त नावं, मला याचं नवल वाटलं. विस्तवात कचरा टाकायचा नाही, सिगारेटचं थोटूक तर नाहीच, त्याच्यापाशी भांडण नाही, दारू पिऊन कुणी आलं तर प्रेमानं घरी पाठवायचं. फोटो नाही. येणारा प्रत्येकजण तंबाखू घालतो, मनातलं बोलतो आणि बाजूला होतो.

मी आयुष्यात पहिल्यांदा तंबाखू विकत घेतला तो यासाठी. ऑन्टारिओत दुकानात तंबाखू दिसेल असा ठेवायला बंदी आहे, सगळं बंद कपाटात, त्यामुळे पेट्रोल पंपावरच्या पोराला नेमकं काय पाहिजे ते सांगताही येईना. पोरगा पंजाबी होता, त्यानं विचारलं फ्युनरलसाठी का, आणि बरोबर पाकीट काढून दिलं. त्या गावात राहिलं की हे कळायला लागतं.

माझं काम म्हणजे चूल, म्हणजे गॅस, बंद पडू द्यायचा नाही. सतत कुणीतरी येणार, रात्री तीनलाही, आणि आलेल्याला गरम काहीतरी मिळालंच पाहिजे. मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या मांसाचं स्ट्यू, बॅनक म्हणजे त्यांच्याकडचा पाव, कॉफी, परत कॉफी. प्रत्येक जेवणाच्या आधी एक ताट वेगळं वाढायचं, शिजलेल्यातलं सगळं थोडं थोडं, ते विस्तवाकडे जायचं. घरी फोनवर आईनं हे ऐकलं आणि म्हणाली आपल्यासारखंच की गं सगळं. मावशीपण तेच म्हणाली. मी हो ला हो केलं, पण पुढे जे कळत गेलं त्यानंतर मी ते वाक्य वापरायचं सोडलं, त्याबद्दल खाली येईलच.

एक गोष्ट मला खटकली ती लिहिते. पाळी चालू असेल तर बायकांनी विस्तवापाशी जायचं नाही. माझं डोकंच फिरलं, म्हटलं माझ्या गावातून, घोटीतून निघून एवढ्या लांब आले ते काय परत बाजूला बसायला. आँटीनं समजावलं की यात विटाळ वगैरे काही नाही, त्या दिवसांत बाईची ताकद एवढी असते की तिच्यापुढे बाकीचं फिकं पडतं म्हणून. मी ऐकून घेतलं. पटलं असं म्हणणार नाही. पण घर त्यांचं, माणूस त्यांचं गेलेलं, तिथे माझं मत मांडायची वेळ नव्हती. आँटीची पुतणी, वयानं माझ्याएवढी, ती हळूच म्हणाली, आमच्यातही यावर भांडणं होतात, आणि मला जरा बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दफन लॅक सूलला, आजींच्या आईशेजारी. १९८५ च्या आधी हे झालं नसतं. मी गेले नाही, घरी विस्तवाजवळच्या लोकांना जेवण द्यायला कुणीतरी लागणार होतं. ते लोक परत आल्यावर विस्तव तसाच राहू दिला, पाणी ओतून विझवायचा नसतो, आपोआप निवेल तेव्हा निवेल.

मला वाटलं झालं. खरं काम तर पुढे होतं, वर्षभराचं. वर्षानं मोठं जेवण घालायचं आणि त्या दिवशी सगळ्यांना वस्तू वाटायच्या, आणि तोपर्यंत घरच्यांनी सुतक म्हणावं तसं पाळायचं. त्यांच्या घरात रीत अशी की ज्याचं माणूस गेलंय त्यानं त्या वर्षी रानातलं काही तोडायचं नाही, ब्लूबेरी नाही, मनोमिन नाही, आणि नवं धान्य कुणी दुसऱ्यानं भरवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. म्हणजे जेवणासाठी लागणारं सगळं जंगलातलं, आणि घरच्यांनी हात लावायचा नाही. मग करणार कोण, तर बाकीचे. शेजारी, भाचरं, मित्र, मी. ही रीत ज्यानं काढली त्याला माणसांची चांगली माहिती असणार, कारण त्या वर्षात एकही आठवडा असा गेला नाही की आँटीच्या घरी कुणी कामाच्या निमित्तानं आलं नाही.

हिवाळ्यात टेप निघाल्या. आजींच्या बोलण्याच्या कॅसेटी, जुन्या, शिवाय पुतणीच्या फोनमधली रेकॉर्डिंग. एका संस्थेला ते सगळं पाहिजे होतं, चांगले लोक होते, कपाटं होती त्यांच्याकडे तापमान सांभाळणारी. घरच्यांनी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फर्स्ट नेशन्सच्या लोकांनी १९९८ मधेच यावर नियम मांडून ठेवलेत, ओसीएपी म्हणतात, थोडक्यात सांगायचं तर आमची माहिती आमच्या मालकीची, तिच्यावर ताबा आमचा, ती कुणी बघायची ते आम्ही ठरवणार आणि ती राहणार आमच्यापाशी. आधीच्या काळात लोक यायचे, म्हाताऱ्यांना बोलतं करायचे, घेऊन जायचे आणि नंतर त्यांच्याच नातवंडांना ते ऐकायला परवानगीचे अर्ज भरावे लागायचे, त्यातून हे आलेलं.

मग जेवणाच्या टेबलावर बसून एकेक टेप ऐकायची आणि ठरवायचं. मला चिकटपट्ट्या लावायच्या कामावर बसवलं, आणि कारण स्पष्ट सांगितलं, तुला भाषा समजत नाही म्हणून. मी हसले, पण खरंच होतं, मी ऐकलं काय नि न ऐकलं काय. हिरवा ठिपका म्हणजे कुणीही ऐकावं. पिवळा म्हणजे फक्त घरच्यांनी. काही टेपांवर आँटीनं पेनानं बर्फाचं फूल काढायला लावलं, त्या गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या आणि ऐकायच्या, उन्हाळ्यात नाही. आणि एका टेपवर आजी पाचेक मिनिटं नुसत्या हसतायत, का ते कुणाला आठवेना, त्यावर कुठला ठिपका लावायचा यावर सगळ्यात लांब चर्चा झाली. शेवटी हिरवा. संस्थेला हिरव्यांच्या कॉप्या गेल्या, मूळ टेपा घरीच.

ऑगस्टच्या शेवटी मनोमिन. आता हे नीट सांगते कारण मला यातलं थोडंफार कळतं असं मला वाटत होतं, भाताच्या गावची ना मी. मनोमिन हा उथळ तळ्यात, सावकाश वाहत्या नदीत आपोआप उगवतो, पेरत नाहीत. अनिशिनाबे लोकांच्या जुन्या गोष्टीत ते पूर्वेच्या समुद्राकडून निघाले तेव्हा सांगितलं होतं की जिथे पाण्यावर अन्न उगवलेलं दिसेल तिथे थांबा, आणि ते इथे थांबले. तळ्याचं नाव लिहीत नाही, कुणीच सांगत नाही.

होडीत दोघं. एकजण मागे उभा राहून लांब काठीनं होडी ढकलतो, दुसरा बसून दोन हलक्या लाकडी काठ्यांनी काम करतो, एका काठीनं ताटं होडीवर वाकवायची आणि दुसरीनं हलकेच थोपटायचं. झोडपायचं नाही. जे पिकलंय ते पडतं, कच्चं राहतं, आणि काही पाण्यात पडतं ते पुढच्या वर्षीचं बी. मला पोहता येत नाही म्हणून मला होडीत घेतलं नाही, आँटी काठावर खुर्ची टाकून बसलेली, हात लावायचा नाही पण बोलायला बंदी नव्हती, तर ती सगळ्यांना ओरडून सूचना देत होती. होडी भरून आली की आत हिरवट जांभळट कुसळांचा गालिचा आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या, चावतात त्या, हे कुणी सांगत नाही. कुसळं बाहीतून आत जातात ती रात्री सापडतात.

मग ताडपत्रीवर पसरून वाळवायचं. मग भाजायचं, लोखंडी कढई विस्तवावर तिरकी ठेवलेली आणि हलवायला चक्क होडीचं वल्हं. थांबायचं नाही, थांबलं की करपलं. धूर डोळ्यात, खांदे भरून येतात, आणि वास असा सुटतो की भूक लागते, चहापत्ती आणि भाजलेले शेंगदाणे याच्या मधलं काहीतरी. मग टरफल सुटायला त्यावर नाचायचं. खरंच नाचायचं, जमिनीत लाकडी फळ्या लावून केलेला खड्डा, पायात नवेकोरे मऊ मोकॅसिन म्हणजे चामड्याचे जोडे, दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून टाचा फिरवत राहायचं. माणूस हलका पाहिजे नाहीतर दाणा तुटतो, म्हणून आजींच्या दहा वर्षांच्या पणतीला उतरवलं, तिला अजिबात उत्साह नव्हता, कानात इयरफोन घालून नाचली.

पाखडायला आले तेव्हा मात्र मी पुढे झाले. पाखडायचं सूप बर्चच्या सालीचं, आपल्यापेक्षा खोलगट, कडेला मुळ्यांनी शिवलेलं. आजींचंच होतं ते. मनगटाला आधी त्याचं वजन समजायला वेळ लागला, दाणा लांबुळका आणि हलका, आपल्या इंद्रायणीसारखा मागे घरंगळत येत नाही, वारा जरा जास्त झाला की कोंड्याबरोबर तोही निघतो. मग वाऱ्याकडे पाठ करून, झटका छोटा ठेवून जमलं. बाजूला एक म्हातारे गृहस्थ बसले होते, ते बराच वेळ बघत होते, मग म्हणाले तुझी आजी कोण. मी म्हटलं घोटीची, तुम्हाला नाही माहीत. ते म्हणाले, चांगलं शिकवलंय तिनं. मी खाली मान घालून पाखडत राहिले, डोळ्यात धूर होताच.

ऑक्टोबरात जेवण. हॉल घेतला होता, सकाळी सहापासून मी आणि अजून तिघी. व्हाइटफिश आणि पिकरेल हे मासे, मूसचं स्ट्यू, बॅनक तळलेला आणि भाजलेला दोन्ही, ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी, आणि मनोमिन मशरूम घालून. हातानं भाजलेला मनोमिन वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो, दुकानातला काळा कुळकुळीत असतो त्याला पाऊण तास लागतो, तर ज्यांनी दुकानातला करून बघितला आणि आवडला नाही त्यांनी परत विचार करावा. मी शिरा केला. माझी आमटी आजींना कधी आवडली नाही, चेहऱ्यावर दिसायचं, शिरा मात्र पातेल्यातून खायच्या.

आलेले लोक आपापली ताटवाटी कापडात बांधून घेऊन येतात, कागदी प्लेटा नाहीत. आजींसाठी जे ताट वाढलं त्यात सगळ्यातलं थोडं, वर टिम हॉर्टन्स या दुकानाची डबल डबल, म्हणजे दुप्पट क्रीम आणि दुप्पट साखरेची कॉफी, आणि पर्शियन. पर्शियन म्हणजे थंडर बेतच मिळणारा तळलेला गोड पाव, वर गुलाबी आयसिंग, बाहेरच्यांना तो का आवडावा हे कळत नाही. आजींना डॉक्टरनं बंद केला होता.

कुणीही घास घेण्याआधी आँटीला पुढे बोलावलं. तिच्याहून मोठ्या एका बाईंनी चमच्यात मनोमिन घेतला, तिच्या तोंडापुढे धरला आणि काहीतरी म्हणत मागे घेतला, परत पुढे आणला, परत मागे, आणि मग भरवला. आँटी एवढ्या वर्षात माझ्यासमोर रडली नव्हती. मग तिच्या भावाला. त्यानंतर म्हाताऱ्या माणसांची ताटं, ती पोरांनी वाढायची, म्हातारी माणसं रांगेत उभी राहत नाहीत. मी बॅनकच्या टोपल्या घेऊन फिरत होते, त्यामुळे पुढचा अर्धा तास मला कुणाच्या ताटात काय संपलंय याखेरीज काही आठवत नाही.

मग वाटप. जमिनीवर ब्लँकेटं अंथरली आणि वर्षभर साठवलेलं सगळं त्यावर मांडलं, गोधड्या, टॉवेल, रिबन स्कर्ट, मोजे, चहा, जॅमच्या बरण्या, आँटीनं दर पगाराला काही ना काही घेऊन ठेवलं होतं आणि बाकीच्यांनीही आणून दिलं होतं. ज्यांनी लाकूड आणलं त्यांना, ज्यांनी रात्री पाळ्या केल्या त्यांना, स्वयंपाकाला, गाडी चालवणाऱ्याला, पंपावरचा तो पंजाबी पोरगा आला होता त्यालासुद्धा मोजे. घरात काही उरायला नको अशा हिशेबानं देतात.

आणि हे बेकायदेशीर होतं. १८९५ मधे कॅनडाच्या इंडियन ॲक्टमधे दुरुस्ती केली की ज्या समारंभात पैसे किंवा वस्तू वाटल्या जातात त्यात भाग घेणं हा गुन्हा, कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त सहा महिने कैद. हे कलम १९५१ पर्यंत होतं. आजी जन्मल्या तेव्हा होतं. म्हणजे आजींच्या आजीचं असं वर्षाचं जेवण घालायचं झालं असतं तर पडदे लावून, मुलांना बाहेर पहाऱ्याला बसवून. आमच्या घरी श्राद्ध घातलं म्हणून कुणाला तुरुंगात टाकलेलं नाही. आईला फोनवर मी एवढंच सांगितलं, ती गप्प झाली आणि मग म्हणाली, टॉवेल वाटले म्हणून? हो, टॉवेल वाटले म्हणून.

मला एक गोधडी मिळाली, निळी. पाखडायचं सूप पुतणीकडे गेलं, ते बरोबरच आहे, तिच्या मुलीला शिकायचंय, असं आँटी म्हणते, मुलगी काही म्हणत नाही. आजींची औषधांची पिशवी, दवाखान्यातली नव्हे, विधीची, कुणाकडे गेली ते मला माहीत आहे पण ते लिहायचं काम माझं नाही.

भांडी घासून होईपर्यंत रात्र झाली. आँटी आत आली, बाह्या वर सारल्या आणि फडकं घेऊन पुसायला लागली, वर्षभरानं पहिल्यांदा तिला पाहुण्यांच्या जेवणाच्या कामाला हात लावू दिला होता. पुढच्या वर्षी होडीत मी बसणार, म्हणाली, काठी माझ्याकडे, तू पुढे बसून थोपटायचं. मी म्हटलं मला पोहता येत नाही. ती म्हणाली ऑगस्टला वेळ आहे. तेव्हापासून दर मंगळवारी संध्याकाळी कॅनडा गेम्स कॉम्प्लेक्सच्या तलावात शिकायला जाते, बॅचमधे माझ्या वयाची कुणीच नाही, बाकीची सगळी पहिली-दुसरीतली पोरं आहेत आणि ती माझ्या पुढे गेलीत. तरंगायला येतंय. श्वास अजून जमत नाही.